दार की नैरोबी: मुलगी चौथीत आहे म्हणालात, म्हणून लिहितोय

तुमचा प्रश्न वाचला. टांझानियातलं दार-एस-सलाम (आम्ही नुसतं दार म्हणतो) आणि केनियातलं नैरोबी, दोन्हीकडची ऑफर हातात, नैरोबीचा पगार थोडा जास्त, सोबत बायको आणि चौथीतली मुलगी, तर राहणीमान कुठं बरं? काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप लागली नाही. मी मिरजेचा. २०१३ ते २०१८ दारमध्ये प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, तेव्हापासून नैरोबीत आहे. माझी मुलगीही चौथी संपवूनच इकडं आली.

दरडोई उत्पन्न वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. आकड्यांत केनिया पुढं आहे आणि ते खोटं नाही. नोकरी बदलायची वेळ आली तर नैरोबीत चार दारं ठोठावता येतात. शहर समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर, त्यामुळे जुलैत स्वेटर लागतो आणि मलेरियाची धास्ती जवळजवळ नाही. दारला घाम, मच्छरदाणी आणि पावसाळ्यानंतर तापाची भीती. माझ्या मुलीला तिथं दोनदा मलेरिया झाला. दारमध्ये घरमालक सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं आगाऊ मागतो, ती रक्कम कंपनी देणार का ते आधी विचारा. भाडं ते 'लाकी'त सांगतात, म्हणजे आपला लाखच. डॉलरला अडीच हजारांच्या आसपास टांझानियन शिलिंग येतात, त्यामुळे सुरुवातीला आकडे ऐकून छातीत धस्स होतं.

आता रोजचं जगणं. दारमध्ये आम्ही उपांगा नावाच्या वस्तीत राहायचो. संध्याकाळी मी, बायको, मुलगी चालत किसुटूच्या बाजारात जायचो. कोथिंबिरीला तिथं कोटमिरी म्हणतात, रिक्षाला बजाजी, आपल्या बजाजवरूनच. भाजी घेऊन, देवळात डोकावून, बजाजीनं घरी. नैरोबीत कोथिंबिरीला धनिया म्हणतात आणि ती मी गाडीतून जाऊन, फोनवरून एम-पेसानं पैसे देऊन आणतो. सगळं झटपट होतं. पण आमच्या इमारतीला गेट, गेटवर पहारेकरी, भिंतीवर विजेची तार, आणि मुलीला शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडं जायचं तरी मी गाडी काढतो. अंधार पडल्यावर इथं आम्ही पायी निघत नाही. माझ्या मते राहणीमान नैरोबीचं वरचं आहे, आणि जगणं दारचं सोपं होतं.

'होतं' म्हणतो, कारण दार शांत आहे असं मी सगळ्यांना इतकी वर्षं सांगत आलो, आणि २९ ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीला तिथं गोंधळ झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद. उपांगातल्या जुन्या शेजाऱ्यांशी काही दिवस संपर्कच झाला नाही. नैरोबीत २५ जून २०२४ ला तरुण मुलं करवाढीच्या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर आली आणि संसदेत शिरली, तेव्हा आम्ही दोन दिवस घरातच होतो. या बाबतीत कुणाला झुकतं माप देण्याची माझी आता तयारी नाही.

कागदपत्रांचं सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. टांझानियात माझ्या वेळी वर्क परमिट कामगार खात्याकडून आणि रेसिडेन्स परमिट इमिग्रेशनकडून, अशा दोन वेगळ्या फायली होत्या. परमिट दोन वर्षांचा, आणि २०१५ च्या कायद्यानं तेव्हा नोकरदाराला एकूण पाच वर्षांपलीकडे सहसा मिळत नसे. आताची मुदत कंपनीला विचारा. शेवटच्या वेळी कंपनीनं अर्ज उशिरा टाकला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर तीन महिने फिरत राहिली, पासपोर्ट एजंटकडं. त्या तीन महिन्यांत सासरे आजारी पडले आणि बायकोला जाता आलं नाही. ते बरे झाले, तरी तिनं ते विसरलेलं नाही. केनियात क्लास डी म्हणजे नोकरीचा परमिट, मग एलियन कार्ड म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र, मग टॅक्सचा पिन. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण थांबावं लागतंच.

बायकोचं सांगतो, कारण तुमची बायकोही नोकरी करते असं तुम्ही लिहिलंय. डिपेंडंट पासवर तिला दोन्ही देशांत नोकरी करता येत नाही, स्वतःचा वेगळा परमिट लागतो. माझी बायको बी.एड. झालेली, मिरजेत सात वर्षं शिकवत होती. हे मला निघण्याआधी माहीत होतं. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं. मी तिला ते दारला पोहोचल्यावर सांगितलं. तुम्ही आज रात्री जेवताना सांगा.

आणि शाळा. दारमध्ये सीबीएसईची शाळा आहे, वर्ष आपल्यासारखं एप्रिलला सुरू होतं. नैरोबीत बहुतेक खासगी शाळा एक तर ब्रिटिश पद्धतीच्या, वर्ष सप्टेंबरला सुरू. नाहीतर केनियाच्या अभ्यासक्रमाच्या, वर्ष जानेवारीला. मुलीची चौथी मार्चमध्ये संपली आणि आम्ही एप्रिलमध्ये आलो. पाच महिने ती घरी बसली. मग एका शाळेत प्रवेशासाठी बोलावलं. टांझानियात मोठ्या माणसाला मुलं 'शिकामू' म्हणतात, मूळ अर्थ पाय धरण्याचाच आहे असं तिथं सांगतात, आणि मोठी माणसं 'मराहाबा' म्हणतात. पोरगी पाच वर्षं वॉचमनपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना तेच म्हणत मोठी झाली. इथं मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही तिनं मान खाली घालून 'शिकामू' म्हटलं. बाई हसल्या. वाईट हेतूनं नाही, गोड वाटलं म्हणून. पण बाजूला बसलेली दोन मुलंही हसली, आणि त्यानंतरच्या वीस मिनिटांत माझ्या मुलीनं एका प्रश्नाचंही तोंड उघडून उत्तर दिलं नाही. गणिताचा पेपर तिनं चांगला सोडवला होता. निकाल आला, इंग्रजी कच्चं आहे, एक वर्ष मागं बसवू.

मी मान्य केलं. दुसऱ्या शाळेत चौकशी करता आली असती, वयाचा दाखला पुढं करून भांडता आलं असतं. मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. तिनं घरी स्वाहिली बोलणं त्याच महिन्यात बंद केलं. आता ती सतरा वर्षांची आहे, अभ्यासात चांगली आहे, पण वर्गातल्या सगळ्यांपेक्षा एक वर्षानं मोठी असल्याचं अजून सांगत नाही.

मुळात मिरजेला परत जाता आलं असतं. दारची वर्षं भरत आली तेव्हा बायकोनं तसं म्हटलंही होतं. मी नैरोबीचा पगार बघितला.

एकटेपणाबद्दल तुम्ही तीन ओळी लिहिल्यात. ते होतं. दोन्हीकडं मराठी घरं आहेत, गणपती बसतो, मोदक होतात. त्याची काळजी करू नका.

कॉन्ट्रॅक्टमध्ये मुलीच्या शाळेची फी, सगळ्यांच्या परमिटचा खर्च आणि वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट हे आकड्यांसह लिहून घ्या. तोंडी काही मानू नका. नैरोबी ठरलं तर शाळेकडून इयत्ता आधी लेखी मागवा आणि निघायची तारीख त्यावर ठरवा, कंपनी कितीही घाई करू दे. दार ठरलं तर परमिटची एकूण मुदत संपेल तेव्हा मुलगी कितवीत असेल आणि कुठं जायचं, ते आत्ताच बोलून ठेवा. मुलीचा जन्म कुठल्या महिन्यातला, ते कळवा. इथल्या कुठल्या वर्गात ती बसायला हवी, ते मी नीट बघून सांगतो.