डेटा चोरीला गेला तर शिक्षा नक्की कोणाला?

प्रश्न: कंपनीकडून आपला डेटा लीक झाला तर कंपनीवाल्यांना जेल होते का? सगळ्या देशांत सारखाच कायदा असतो का?

उत्तर: नाही, सारखा अजिबात नाही, आणि आधी एक गोष्ट वेगळी करून बघा, हॅक करणारा वेगळा आणि डेटा नीट न सांभाळणारी कंपनी वेगळी. जेल मुख्यतः हॅकरसाठी असते. भारतात आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, सायबर दहशतवाद असेल तर थेट जन्मठेप होऊ शकते. ब्रिटनच्या १९९० च्या संगणक गैरवापर कायद्यात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये नुसतं परवानगीशिवाय घुसलं तरी २ वर्षांपर्यंत कैद आहे.

कंपनीला मात्र पैशाचा फटका बसतो. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याखाली गंभीर प्रकरणात २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड, आणि लीक कळल्यापासून शक्यतो ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं. डेटा लीक झाल्याबद्दल ब्रिटिश एअरवेजला २०२० मध्ये २ कोटी पाउंड भरायला लावले होते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याचा डेटा गेला त्याच्या हातात त्यातलं काही येत नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. युरोपात निदान नुकसानभरपाई मागायचा हक्क जीडीपीआरमध्येच लिहिलेला आहे.