स्टुटगार्टला जाऊन थकवा जातो का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: हिंजवडीत अकरा वर्षे नोकरी झाली, रात्री साडेअकराच्या कॉलनंतर झोप लागत नाही, डॉक्टरांनी ताण कमी करा असे सांगून गोळ्या दिल्या आहेत, आणि आता स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचे नियुक्तिपत्र हातात आहे. पत्नी नोकरी सोडून येणार आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. जर्मनीत कामाचे तास खरोखरच पाळले जातात का, आणि तिथे गेल्यावर हा थकवा जाईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असे आहे. दुसऱ्याचेही उत्तर मी नऊ वर्षांपूर्वी, इथे आलो तेव्हा, ‘हो’ असेच दिले असते आणि तिसऱ्या हिवाळ्यात ते मागे घेतले असते.

आधी कायद्याचे सांगतो, कारण तो समजून न घेताच बहुतेक जण येतात. कामाच्या वेळेचा इथला कायदा १९९४ चा आहे. दिवसाला आठ तास ही मर्यादा असून ती दहा तासांपर्यंत नेता येते, मात्र सहा महिन्यांची किंवा २४ आठवड्यांची सरासरी आठ तासांवर यावी लागते. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ११ तास मोकळे असावे लागतात. शनिवार हा कायद्याने कामाचाच दिवस असल्यामुळे सहा दिवस गुणिले दहा असा हिशेब केला, तरी आठवड्याला ६० तासांच्या पुढे जाता येत नाही. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी आठवड्याला ७० तासांची गोष्ट काढली, तेव्हा ती बातमी वाचून माझ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, की वरचे दहा तास नोंदवायचे कुठे. तो विनोद करत नव्हता. कामाचे तास नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, असा निकाल इथल्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला आहे आणि लोक ती नोंद दुधाच्या हिशेबासारखी काटेकोरपणे ठेवतात.

काही कंपन्या कायद्याच्याही पुढे गेल्या. फोक्सवागनने २०११ च्या अखेरीस कामगारांच्या प्रतिनिधींशी करार करून, काम संपल्यावर अर्ध्या तासाने कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरी फोनवर मेल पोहोचणेच बंद केले. स्टुटगार्टच्याच डाइमलर या मोटार कंपनीने २०१४ मध्ये अशी सोय उपलब्ध करून दिली, की माणूस रजेवर असताना आलेली मेल पाठवणाऱ्याला तसे कळवून आपोआप पुसली जावी. रजेवरून परतल्यावर आठशे मेलचा डोंगर पाहून पहिल्याच दिवशी रजेचा गुण उतरतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या सोयीची किंमत कळेल.

इतके सगळे असूनही मी थकून पडलो, त्याचे कारण सरळ आहे. दुखणे अंगावर काढण्याची आपली सवय मी सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून इथे सोबत आणली होती. हिवाळ्यात इथले घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असते. पुण्यातल्या सहकाऱ्यांची साडेदहाची बैठक माझ्याकडे पहाटे सहाला असायची आणि ती मी घ्यावी असे मला कोणीही सांगितले नव्हते. ‘मी करतो ना’ असे मीच म्हटले होते. दहा तास भरत आले, की संगणकावर सूचना देणारी पिवळी चौकट येत असे. मग मी शहाण्यासारखी ‘काम संपले’ अशी नोंद करायचो, घरी जाऊन जेवायचो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप पुन्हा उघडायचो. नोंदीत मी आदर्श कर्मचारी होतो. मनात भीती एवढीच, की कामात कमी पडलो तर नोकरी जाईल, नोकरीमागोमाग व्हिसा जाईल आणि पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते थकतील.

डिसेंबरात इथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसाचे दर्शन व्हायचे ते बैठकीच्या खोलीच्या काचेतून. जानेवारीतल्या एका सकाळी फायहिंगेनच्या फलाटावर मी उभा होतो. गाडी आली, दार उघडले, बंद झाले आणि गाडी गेली; मी चढलो नाही. असे तीनदा झाले. काहीही दुखत नव्हते, फक्त पाय उचलत नव्हता. चौथी गाडी आली तेव्हा हातातला पोळी-भाजीचा गरम डबा पार थंड झालेला होता आणि तेवढ्यावरूनच मला कळले, की आपण बराच वेळ इथे उभे आहोत.

तिथून मी घरी परतलो आणि दुपारी हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी झोपेबद्दल आणि शनिवार-रविवारबद्दल विचारले व दोन आठवड्यांची आजारपणाची रजा लिहिली. मी तीन दिवस पुरतील म्हणालो. त्यांनी दोन आठवडेच ठेवले आणि कंपनीला काय कळणार या माझ्या प्रश्नावर संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. कंपनीला फक्त तारखा कळतात. निदान आरोग्य विमा संस्थेकडे जाते, मालकाकडे जात नाही. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही स्वतंत्र रोग म्हणून नोंदलेले नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे डॉक्टर बहुधा त्यासोबत किंवा त्याऐवजी नैराश्य किंवा तत्सम निदान लिहितात. हा शब्द १९७४ मध्ये रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर मूळचे फ्रांकफुर्टचे. नाझींच्या काळात लहान वयात देश सोडून ते न्यूयॉर्कला गेले, दिवसा स्वतःचा दवाखाना आणि रात्री मोफत दवाखाना असे काम करताना स्वतःच थकून गेले. परदेशी आलेल्या माणसाचे हे दुखणे तसे जुनेच म्हणायचे.

माझे दोन आठवड्यांचे अकरा आठवडे झाले. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर सरकारी योजनेतल्या विमा संस्थेकडून क्रांकनगेल्ड, म्हणजे आजारपणाचा भत्ता, मिळते. ते ढोबळ पगाराच्या ७० टक्के, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत कमाल ७८ आठवडे. ही मदत किंवा उपकार नव्हे; दर महिन्याला पगारातून कापून घेतलेल्या विम्याचा तो हक्क आहे.

बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक आजारपण झाले, की कामावर परत येण्याचा मार्ग ठरवण्यासाठी बैठकीचे निमंत्रण देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ते स्वीकारणे मात्र आपल्या इच्छेवर असते. ते पाकीट आले तेव्हा मला वाटले, नारळ मिळाला. प्रत्यक्षात बैठकीला मनुष्यबळ विभागातली एक बाई, कामगारांनी निवडून दिलेल्या समितीचा एक प्रतिनिधी आणि मी, एवढेच होतो. मी पहिल्यांदाच रात्रीच्या लॅपटॉपबद्दल खरे सांगितले. पहाटेची बैठक माझ्या विभागातल्या तिघांत वाटली गेली आणि मला दोन आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा असे हळूहळू कामावर आणण्यात आले. या काळात माणूस कागदोपत्री आजारीच असतो आणि क्रांकनगेल्ड चालू राहते. याला इथे ‘हांबुर्ग पद्धत’ म्हणतात.

आता कमी गोड बाजू. आजारी असताना नोकरीवरून काढता येत नाही, असे आपल्या मंडळींत खात्रीने सांगितले जाते. ते खरे नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या परीक्षाकाळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते, आणि नोकरीपासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो तो सहा महिन्यांनंतर, तोही दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. आजारपणाच्या पगाराचा हक्कही नोकरीचे पहिले चार आठवडे उलटल्यावर सुरू होतो. मानसोपचारासाठी ११६११७ या क्रमांकावरून पहिल्या भेटीची वेळ मिळते, पण नियमित उपचार सुरू व्हायला अनेक महिने लागतात आणि इंग्रजीत बोलणारे उपचारक तर फारच कमी आहेत. मी त्या मधल्या काळात पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर मराठीत बोललो, स्वतःच्या खर्चाने. ‘जिवाची घालमेल’ जर्मनमध्ये कशी सांगायची हे मला आजही येत नाही.

नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी पाहा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या स्टुटगार्टच्या राज्यातल्या धातू आणि विद्युत उद्योगात सामूहिक करारानुसार १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आहे. तुमची कंपनी त्या करारात आहे का आणि तिथे कामगारांची निवडून दिलेली समिती आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याचा कोणाला राग येत नाही. तुम्ही थेट कंपनीच्या नोकरीत आहात, की दुसऱ्याच कंपनीचे कर्मचारी म्हणून तिच्या कार्यालयात बसणार आहात, यानेही फार फरक पडतो, कारण कायदा दोघांना सारखाच असला तरी तुमच्या बाजूने बोलणारे माणूस त्याच इमारतीत असेलच असे नाही. जादा तासांचा मोबदला पगारात धरला आहे असे मोघम वाक्य करारात असेल, तर किती तास ते लिहून मागा.

आरोग्य विमा सरकारी योजनेतलाच घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. खासगी विमा तरुणपणी स्वस्त दिसतो, पण तो देताना जुने आजार आणि मानसिक तक्रारी विचारल्या जातात, आणि तुम्ही तर आताच गोळ्या घेत आहात. सरकारी योजनेत तो प्रश्नच येत नाही. शिवाय नोकरी नसलेली पत्नी आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता त्यातच येतात.

रजेबद्दल माझी चूक करू नका. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला २० दिवस आणि बहुतेक कंपन्यांत ३० दिवस रजा मिळते, आणि आपण ती सगळी साठवून एकदम भारतात घालवतो. चार आठवड्यांत दोन लग्ने, बँकेची कामे, दात, आईचे मोतीबिंदू आणि ‘एवढ्या लांबून आलास आणि आमच्याकडे जेवलाही नाहीस’ हे सगळे उरकून माणूस जास्तच थकून परततो. निदान एक आठवडा फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवा. आणि रजेत आजारी पडलात, तर ते दिवस वाया जात नाहीत. मला सांगलीत डेंग्यू झाला तेव्हा त्याच दिवशी कंपनीला कळवले, ‘काम करण्यास असमर्थ’ असे स्पष्ट लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाठवले आणि रजेचे सहा दिवस खात्यात परत जमा झाले. आमच्या डॉक्टरकाकांनी ते लिहिताना दोनदा विचारले, की रजेवर असलेला माणूस कामाला असमर्थ कसा.

व्हिसाच्या भीतीवर मला सापडलेला उपाय भाषा हाच आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, ए१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनसह २७ महिन्यांनी आणि बी१ म्हणजे मध्यम पातळीसह २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ज्या दिवशी कायमच्या वास्तव्याचे कार्ड हातात आले, त्या रात्री मी लॅपटॉप कार्यालयातच ठेवून आलो. तुमच्या पत्नीलाही पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा असते, पण भाषेशिवाय ती मिळणे अवघड. तुम्ही दोघांनी पुण्यातच वर्ग सुरू केलेत तर बरे. घरात दिवसभर एकटे बसून थकणारे माणूस कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

राहिला तुमचा आत्ताचा थकवा. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड संपवून शुक्रवारी पुण्यातले शेवटचे काम आणि पुढच्याच्या पुढच्या सोमवारी इथे हजर, असा बेत तुमच्या पत्रावरून दिसतो. परीक्षाकाळाचे सहा महिने त्या अवस्थेत सुरू करू नका. रुजू होण्याची तारीख चार-पाच आठवडे पुढे मागा, कारणात घर आणि मुलीची शाळा लिहा. मला माहीत असलेल्या कोणालाही ती नाकारली गेलेली नाही. तो महिना गावी काढा आणि त्यात कंपनीचा एकही फोन उचलू नका.