जर-तरच्या युद्धकथा : वाचकांच्या शंका

दुसऱ्या महायुद्धावरच्या पर्यायी इतिहासकथा मागवल्यापासून प्रश्न येत आहेत. त्यातले शस्त्रं आणि संशोधनाबद्दलचे इथे घेतले आहेत. बहुतेक लेखकांना एखाद्या नेत्याचा हुकूम किंवा एखाद्या शास्त्रज्ञाची बुद्धी बदलावीशी वाटते. आम्ही धातू, कारखाने आणि चाचण्या बदलायला सांगू.

प्रश्न : ‘मेसरश्मिट २६२’ या जेट लढाऊ विमानातून बॉम्ब टाकायचे, असा हट्ट हिटलरने धरला नसता तर १९४३ अखेर जर्मनीकडे शेकडो जेट असती. यावर कादंबरी उभी राहील का?

उत्तर : नाही. विमान तयार होतं, इंजिन नव्हतं. जेट इंजिनांच्या जोरावर ते पहिल्यांदा उडालं १८ जुलै १९४२ ला. हिटलरचा बॉम्बचा आग्रह नोव्हेंबर १९४३ मधला, आणि तोवर युंकर्सच्या ‘युमो ००४’ इंजिनाचं मोठं उत्पादन सुरूच झालं नव्हतं; ते १९४४ मध्ये सुरू झालं. हट्टामुळे गोंधळ वाढला हे खरं, पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं युद्धानंतर जर्मन सेनानींच्या सोयीचं होतं.

खरी टंचाई निकेल, क्रोम आणि कोबाल्टची. सुरुवातीच्या इंजिनात हे धातू सढळ वापरले होते. उत्पादनासाठीच्या ‘ब’ नमुन्यात ते छाटावे लागले. ज्वलनकक्ष साध्या मऊ पोलादाचे करून त्यावर ॲल्युमिनियमचा थर दिला. टर्बाइनची पाती पुढे पोकळ केली आणि आतून हवा खेळवून ती थंड ठेवली. युक्ती म्हणून हे उत्तम, पण इंजिनाचं आयुष्य कागदावर २५ तास होतं आणि पुष्कळदा १० तासांतच ते उतरवावं लागे. ब्रिटिशांच्या ‘मीटिओर’ जेटचं ‘वेलंड’ इंजिन सुमारे १८० तास चाले.

वैमानिकाच्या प्रसंगात हे दिसायला हवं. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा) झटक्यात पुढे ढकलला की इंधन वाढतं, हवा तेवढ्या वेगाने वाढत नाही. तापमान चढतं आणि पाती भाजतात. उंचीवर तो झटक्यात मागे घेतला तर ज्योत विझते. त्यामुळे उतरताना लांब, सरळ आणि संथ यावं लागे, आणि अमेरिकी लढाऊ विमानं नेमकी तिथेच टपून बसत. इंजिनाच्या नाकात रीडेल नावाचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन असे. मोठं इंजिन तेच फिरवून सुरू करी. विजेने ते चालू झालं नाही तर दोरी ओढायची. असा तपशील एखाद्या पानात पेरा.

वळण द्यायचंच असेल तर खाणींपाशी द्या. निकेल फिनलंडमधल्या पेट्सामोहून येई, क्रोम तुर्कस्तानातून. तुर्कस्तानने क्रोम देणं एप्रिल १९४४ मध्ये थांबवलं. धातू दोन वर्षं आधी साठवला असं दाखवलंत, तर तो रणगाड्याच्या चिलखतातून काढला की तोफांच्या पोलादातून, हेही सांगावं लागेल.

प्रश्न : मला अगदी लहान बदल हवा आहे, ज्यात कुणी महापुरुष नसेल. सुचवाल का?

उत्तर : अमेरिकी पाणबुड्यांचा ‘मार्क १४’ पाणतीर (टॉर्पेडो) घ्या. आमच्या मते जर-तरच्या युद्धकथांसाठी याहून चांगला विषय नाही, आणि मराठीत त्याला फारसा हात लागलेला दिसत नाही.

त्यात तीन दोष होते आणि ते एकाखाली एक दडलेले होते. पहिला, पाणतीर ठरवल्यापेक्षा सुमारे ३ मीटर खोल जाई. सरावात पुढच्या टोकात पाणी भरत; ते खऱ्या स्फोटकापेक्षा हलकं पडे. शिवाय खोली मोजणारी झडप शेपटाकडे होती, आणि वेगात तिथला दाब कमी असल्याने तिला पाणी उथळ वाटे. दुसरा, चुंबकी स्फोटयंत्र. जहाजाच्या चुंबकीय क्षेत्राने ते चेतायचं, पण ते क्षेत्र अक्षांशानुसार बदलतं. त्यामुळे पाणतीर वाटेतच फुटे किंवा फुटतच नसे. तिसरा, आघाताने चेतणारी पिन. ही यंत्रणा आधीच्या, कमी वेगाच्या पाणतीरावरून घेतलेली. ‘मार्क १४’ ४६ नॉट वेगाने काटकोनात आदळला की पिनेच्या मार्गिका वाकत आणि पिन अडकून बसे. तिरका आदळला तर मात्र पुष्कळदा फुटे! नेम जितका अचूक, तितका फुसका बार निघण्याचा संभव जास्त.

जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आल्बनीजवळ अमेरिकी पाणबुड्यांचा प्रमुख ॲडमिरल लॉकवूडच्या माणसांनी मासेमारीचं जाळं विकत घेऊन त्यात पाणतीर सोडले. १० फुटांवर लावलेल्याने जाळं २५ फुटांवर फाडलं. खोली सुधारल्यावर दुसरा दोष उघडा पडला. पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचा प्रमुख निमिट्झने चुंबकी यंत्र बंद करायला लावलं ते जून १९४३ मध्ये. पुढच्याच महिन्यात ‘टिनोसा’ पाणबुडीने ‘तोनान मारू क्र. ३’ या जहाजावर १५ पाणतीर सोडले. आधीच्या तिरक्या माऱ्याने जहाज थांबलं. मग सावकाश, काटकोनात मारलेले एकामागून एक नुसतेच आदळले. कप्तानाने शेवटचा पाणतीर तपासणीसाठी परत आणला. हवाईत तो प्रकार कड्यावर पाणतीर मारून आणि क्रेनवरून पोलादी पत्र्यावर टाकून उलगडला. हलक्या मिश्रधातूची पिन बसवली, तेव्हा सप्टेंबर १९४३ उजाडला होता.

आता तुमचा बदल. चुंबकी यंत्राची खऱ्या स्फोटकासह चाचणी युद्धापूर्वी झाली ती १९२६ मध्ये, एका जुन्या पाणबुडीवर: दोन पाणतीर, त्यातला एकच फुटला. एका पाणतीराची किंमत सुमारे १०,००० डॉलर, म्हणून शांततेच्या काळात ते फोडायला कुणी राजी नव्हतं. १९३८ मध्ये एखाद्या कारकुनाने २० पाणतीर आणि एक भंगार जहाज मंजूर केलं, एवढं पुरे.

मात्र लगेच १९४२ मध्ये जपान शरण आणू नका. पाणतीर मुळात कमी होते. १० डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यात मनिलाजवळच्या काविते तळावरचे २३३ जळाले. आणि जपान्यांनी मालजहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय उभं केलं नोव्हेंबर १९४३ मध्ये, जहाजं धडाधड बुडू लागल्यावर. तुमच्या कथेत ती आधी बुडतील, म्हणून संरक्षणही आधी येईल.

प्रश्न : जर्मनीचं व्ही-२ रॉकेट दोन वर्षं आधी आलं असतं तर लंडन पडलं असतं का?

उत्तर : नाही. सुमारे १३ टनांचं रॉकेट एक टनाचं स्फोटक नेई आणि नेम काही किलोमीटरने चुके. लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान एका फेरीत त्याच्या कितीतरी पट नेई आणि पुन्हा उडे. शिवाय इंधनाचं अल्कोहोल मुख्यतः बटाट्यांचं, म्हणजे रॉकेट वाढली की जेवणाचं ताट आटतं. आणि ज्या मित्तेलबाऊ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून ही रॉकेट बनवून घेतली, ती कथेतून वगळू नका. तिथे आणलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी जवळपास २०,००० मेले.

प्रश्न : जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर बोटेचं ग्राफाइटचं मोजमाप बरोबर आलं असतं तर जर्मनीला अणुबॉम्ब मिळाला असता, असं वाचलं. कितपत खरं?

उत्तर : अर्धवट. अणुभट्टीत अणू फोडणारे न्यूट्रॉन कण मंद करायला ग्राफाइट किंवा जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरतात. बोटेने १९४१ च्या सुरुवातीला ठरवलं की ग्राफाइट न्यूट्रॉन फार गिळतं. दोष अशुद्धीचा होता. बोरॉनचा अंशही घात करतो. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने कारखान्यांच्या मागे लागून बोरॉनमुक्त ग्राफाइट मिळवलं. जर्मन मात्र नॉर्वेतल्या वेमोर्कच्या जड पाण्यावर अवलंबून राहिले. तो कारखाना फेब्रुवारी १९४३ मध्ये कमांडोंनी फोडला, साठा नेणारी फेरीबोट फेब्रुवारी १९४४ मध्ये बुडवली. जर्मनीतल्या हायगरलोखची शेवटची भट्टी, ६६४ युरेनियम ठोकळ्यांची, १९४५ मध्येही स्वयंपोषी (स्वतःच चालू राहणारी) झाली नाही.

ग्राफाइट बरोबर निघालं असतं तर भट्टी लवकर पेटली असती, एवढंच. भट्टीपासून बॉम्बपर्यंतचं अंतर कारखान्यांचं आहे. अमेरिकेने दोन अब्ज डॉलर आणि सव्वा लाखाहून जास्त माणसं ओतली. तांबं कमी पडलं म्हणून, बॉम्बसाठीचं युरेनियम वेगळं करणाऱ्या विद्युतचुंबकांच्या गुंडाळ्यांसाठी सरकारी तिजोरीतली सुमारे १४,००० टन चांदी उसनी घेतली. हे सगळं, वरून बॉम्ब पडत असताना, जर्मनीत कुठे मांडणार?

एक प्रसंग मात्र जरूर वापरा. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डची ‘बी’ अणुभट्टी सुरू झाली, काही तासांत तिची शक्ती घसरली आणि ती विझली. मग आपोआप सावरली, पुन्हा घसरली. न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन-१३५ वायू आतच तयार होत होता. भौतिकशास्त्रज्ञांच्या हिशेबाने युरेनियमच्या १,५०० नळ्या पुरेशा होत्या, पण भट्टी बांधणाऱ्या ड्यूपॉंट कंपनीच्या अभियंत्यांनी ५०४ जादा ठेवल्या होत्या. त्या भरल्या आणि भट्टी चालली. तुमच्या कथेतल्या जर्मन भट्टीत जादा नळ्या नसतील, तर अख्खं प्रकरण तयार आहे.

प्रश्न : मुंबईत घडणारी अशी कथा शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे, १४ एप्रिल १९४४ चा गोदीस्फोट घ्या. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत वर कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं भरली गेली. शांततेत असं जहाज गोदीत घेत नसत. युद्धामुळे ही बंधनं सैल झाली होती. स्फोट टाळायला तारीख बदलू नका, ती सवलत काढून घ्या: जहाज बाहेर नांगरा आणि माल पडावांतून (छोट्या मालनौकांतून) उतरवा. मग मात्र उतरवायला लागणारे जादा दिवस आणि ब्रह्मदेश आघाडीचा खोळंबा दाखवा. स्फोट तसाच ठेवायचा असेल तर वेळ सांभाळा. कापसातून धूर दिसला दुपारी दोनच्या सुमारास, पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी. निर्णय घ्यायला तुमच्या पात्रांना दोनच तास मिळतात.