व्हिडिओतली गाडी कुणाच्या पैशाने येते?

मावशी, मी मिरजेजवळच्या एका गावात राहते, शिवणकाम करते. मिस्टर टेम्पो चालवतात. मुलगा दहावीला आहे. गेले चार महिने तो एका पोराचे व्हिडिओ बघतोय. तो पोरगा गाडीच्या बॉनेटवर नोटांची बंडलं मांडतो, विमानाच्या गेममध्ये पाचशेचे चाळीस हजार करून दाखवतो आणि ‘लिंक बायोमध्ये’ म्हणतो. आमचा मुलगा म्हणतो, “तो दहावी नापास आहे, तरी एवढी गाडी घेतली. मी शिकून काय करू?” मागच्या आठवड्यात माझ्या फोनवरून दोनदा तीनशे रुपये अनोळखी नावावर गेलेले दिसले. मिस्टरांनी त्याला मारलं, फोन काढून घेतला. तेव्हापासून तो धड बोलत नाही. मला इंग्रजी येत नाही. कुठला व्हिडिओ नुसता मजेचा आणि कुठला घातक, हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं? आणखी एक. माझ्या सासऱ्यांनी मटक्यात दीड एकर रान घालवलं. सासूबाई आहेत, पण घरात तो विषय कुणी काढत नाही. हे रक्तातच असेल का?
– एक आई

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. रक्ताला कशाला बोल लावता? पंधरा वर्षांच्या पोराला मोठ्या गाडीची भूल पडते, त्याला आजोबा कशाला लागतात! मला खटकलं ते वेगळंच. दीड एकर गेलं आणि ते कसं गेलं हे नातवाला ठाऊकच नाही. त्याकडे येतेच.

इंग्रजीचं मनातून काढून टाका. तुम्ही शिवणकाम करता. तयार ब्लाउज हातात आला की आधी काय करता? उलटा करून आतली शिवण बघता. व्हिडिओचंही तेच करायचं. वरची बाजू म्हणजे नोटा, गाडी, गाणं. आतली शिवण म्हणजे हा माणूस शेवटी मला कुठे जायला सांगतोय आणि मी तिथे गेले तर पैसे कुणाला मिळतात.

तुमच्या मुलाचा तो हिरो लिंकवर जायला सांगतो. या धंद्यात लिंकला किंवा कोडला, म्हणजे खातं उघडताना टाकायच्या त्याच्या खास शब्दाला, दलाली असते. त्याच्या कोडवरून पोरं आत आली, त्यांनी पैसे भरले, की त्याला वाटा मिळतो. काही ठिकाणी तर पोरं जेवढं हरतात त्यातला हिस्सा मिळतो. आणि पाचशेचे चाळीस हजार? असे व्हिडिओ करणाऱ्यांना कंपन्या डेमो खातं देतात. त्यातले आकडे खोटे, पैसा खोटा, हरण्याची भीती नाही. व्हिडिओतल्या प्रत्येकाला असंच खातं मिळतं असं मी म्हणणार नाही, पण पडद्यावरचा आकडा बघून खातं खरं की डेमो हे मला कळणार नाही, तुम्हाला नाही आणि तुमच्या मुलालाही नाही. म्हणजे तो पोरगा गेममधून श्रीमंत झाला असेल की नाही, देव जाणे. तुमच्यासारख्यांच्या तीनशे-तीनशे रुपयांतून होत असणार, हे मात्र पक्कं.

आता गाडी. नंबरप्लेट दिसते का बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. पाटी पांढरी असली तरी गाडी त्याचीच असेल असं नाही, मित्राची असते, शोरूमच्या दारातली असते. हा खेळ मुलासोबत खेळा. पोरांना उपदेश नको असतो, पण कुणाचं तरी बिंग फोडायला त्यांना फार आवडतं.

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर काढलेले रील्सही त्याने पाहिले असतील. त्याला एवढंच सांगा की गोव्याच्या सरकारने 2020 पासून खुद्द गोवेकरांनाच त्या कॅसिनोंमध्ये खेळायला बंदी केली आहे. पर्यटकांनी यावं, पैसे टाकावेत, पण आपल्या घरच्यांनी नको. का नको, याचा विचार त्यालाच करू दे.

सगळेच पैशाचे व्हिडिओ वाईट नसतात. द्राक्षबागेचा शेतकरी यंदाचा हिशेब सांगतो. औषधाला किती गेले, दर पडला तेव्हा काय झालं, हेही सांगतो. तिथे कष्ट दिसतात, तोटा दिसतो. ज्या व्हिडिओत नुसता निकाल दिसतो आणि काम कुठेच दिसत नाही, तिथे थांबून शिवण बघायची. ‘शेअर मार्केट शिकवतो’, ‘कोर्स घ्या’ म्हणणाऱ्यांनाही हीच कसोटी लावा. ट्रेडिंगमधून एवढं मिळतंय तर दोन-तीन हजारांचा कोर्स विकायला हा उन्हातान्हात का उभा आहे? आणखी एक खूण आहे. “इथे सांगता येत नाही, टेलिग्रामला या,” असं कुणी म्हणालं की समजा. मार्च 2025 पासून यूट्यूबने गूगलची मान्यता नसलेल्या जुगाराच्या साइटचं नाव घ्यायला, लोगो दाखवायला, लिंक द्यायला मनाई केली आहे. टेलिग्रामवर बोलावणारा हा माणूस दारावरच्या रखवालदाराला टाळून मागच्या बाजूने हाक मारतोय.

आता हिशेब. हा मुलासमोर कागदावर मांडा, त्यासाठी दहावीचं गणितही लागत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या वेळचा मटका घ्या. शून्य ते नऊ असे दहा आकडे. आकडा लागला तर एकाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. दहातला एक बुकीचा, दरवेळी. आताच्या विमानाच्या गेमवाले सांगतात की शंभर रुपयांतले सत्त्याण्णव खेळणाऱ्यांना परत जातात. ऐकायला मटक्यापेक्षा किती सज्जन! पण मटक्याचा ओपन आणि क्लोज मिळून दिवसाला दोनदा आकडा यायचा. मधल्या वेळात माणूस रानात जायचा, जेवायचा, क्वचित शहाणाही व्हायचा. विमान मिनिटभरात उडतं आणि फुटतं, त्याआधी पैसे काढले नाहीत तर लावलेले गेले. शंभराचे सत्त्याण्णव, ते सगळे पुन्हा लावले की चौऱ्याण्णव, असं करत गेलं तर सरासरी तेविसाव्या फेरीला निम्मेच उरतात. तुमच्या भाकऱ्या थापून होईपर्यंत! आजोबांचं रान जायला काही वर्षं लागली असतील. नातवाला तेवढा वेळही मिळणार नाही.

मध्येच कुणीतरी जिंकतो, हे खरं आहे. त्याशिवाय दुकान चालत नाही. मुलगा म्हणेल, “माझ्या मित्राला दोन हजार मिळाले.” मिळाले असतील. भांडू नका. “काढून घेतले का बँकेत?” एवढंच विचारा. बहुतेक वेळा ते अजून गेममध्येच असतात.

आता ते दोनदा गेलेले तीनशे रुपये. आज रात्रीच तुमच्या यूपीआयचा पिन बदला आणि मुलाला सांगून बदला, चोरून नको. मागच्या चार महिन्यांचे व्यवहार उघडून बघा. दरवेळी वेगळ्या माणसाच्या नावावर शे-दोनशे, तीनशे असे गेले असतील तर ती या धंद्याची चाल आहे, पैसे कुणाच्या तरी साध्या खात्यातून फिरवतात. म्हणूनच एक गोष्ट मुलाला नीट बजावा. “तुझ्या किंवा आईच्या नावाचं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो,” असं कुणी म्हणालं तर हो म्हणायचं नाही. ते खातं गोठतं आणि पोलिसांचा फोन खातेदाराच्या घरी येतो. फसवून पैसे काढले गेले असं दिसलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

पुढचं मिस्टरांना वाचून दाखवा. तुमचा राग समजतो, भाऊ. दिवसभर टेम्पो चालवून आणलेले पैसे असे जाताना बघून कुणाचंही डोकं फिरेल. पण मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी तीनशेचं सांगणार नाही, तीन हजार होईपर्यंत लपवेल. आणि फोन काढून घेतला तर शेजारच्या पोराच्या फोनवर बघेल, तिथे तुम्ही नसाल. फोन परत द्या, रात्री दहानंतर तो स्वयंपाकघरात राहील एवढी अट घाला. असा व्हिडिओ आला की त्यावर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला लावा. सातत्याने दाबलं तर असा माल थोडा कमी होतो, पूर्ण थांबेलच असं नाही.

पोलिसांची भीतीही घालू नका, खोटी ठरेल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. म्हणजे धोका त्या हिरोला आहे. पण मुलगा उद्या तोच कोड वर्गातल्या पोरांना पाठवू लागला तर तो कुठल्या बाजूला जाऊन उभा राहतो, हे त्याला विचारा.

तो महिनाभरात सुधारला नाही, झोप उडाली, खोटं बोलणं वाढलं, चिडचिड हाताबाहेर गेली, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो.

आणि आता रानाचं. रविवारी दुपारी जेवणं झाली की सासूबाईंना जवळ बसवा आणि मुलाला ऐकू दे. सासऱ्यांची बदनामी नको, त्या माणसालाही कुणीतरी ‘आज पक्का आकडा आहे’ असं सांगितलंच असेल. सासूबाई आधी नाही म्हणतील, पदराने डोळे पुसतील. घाई करू नका. एवढंच विचारा, “आत्या, आपलं ते रान नेमकं कुठं होतं?” त्यांना बांधावरची झाडंसुद्धा सांगता येतील.

– तुमची मावशी