गुरुजी, आधी तो डफ माळ्यावरून खाली काढा

केज तालुक्यातून पत्र आलंय, झेडपी शाळेतल्या एका गुरुजींचं. मुलगी 19 वर्षांची, लातूरला दोन वर्षं क्लास, नीटला पहिल्यांदा 287 आणि रिपीट करून 341. आता तिसऱ्यांदा बसवू का बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी बघू, एवढाच प्रश्न. पण त्याच्याखाली दीड पान तक्रार आहे, की पोरगी सुट्टीत घरी आली की शेजारच्या वस्तीवर जाते, "बायका-लेकरं गोळा करून त्यांना मुकादमाची नक्कल करायला लावते" (मुकादम म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार), पारावर डफ वाजवते, लोक नावं ठेवतात, म्हणून गुरुजींनी डफ माळ्यावर टाकलाय. पुढं लिहिलंय, "या वर्षी नाही झालं तर स्थळं बघणार, तसं तिला सांगून ठेवलंय." आणि अगदी शेवटी, "तिची आई काही बोलत नाही."

गुरुजी, नमस्कार. मार्कांचं आधी उरकतो. नीटच्या अटेम्प्टला मर्यादा नाही हे खरंय, पण म्हणून देतच राहायचं असं थोडंच आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात पोरीला डॉक्टर व्हायचंय असं एकदाही आलेलं नाही, तुम्हाला तिला करायचंय एवढंच आलंय. तिसऱ्यांदा नको. बीएएमएसही नको, तिनं स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.

मी अडकलो ते स्थळांच्या वाक्यावर. नीट नाहीतर लग्न, म्हणजे लग्न ही नापास झाल्याची शिक्षा झाली की हो. अशी टांगती तलवार घेऊन पोरगी पेपरला बसली तर तिला फिजिक्सचं गणित दिसणार का मांडव दिसणार, मला तर 341 आले याचंच कौतुक वाटतं. 19 वय कायद्यात बसतं, तेवढं मलाही कळतं. पण तुम्ही मास्तर आहात, बालविवाह करणार नाही अशी शपथ वर्गातल्या पोरींना तुम्हीच देत असणार, आणि घरात मात्र धमकी म्हणून लग्नच वापरताय. आणि आई बोलत नाही म्हणजे काय? बोलत नाहीत का त्यांना कुणी विचारलंच नाही? एकदा विचारून बघा, आणि विचारून झालं की तुम्ही गप्प बसा.

आता नक्कल. तुमचा समज असा दिसतोय की पोरीला नटी व्हायचंय, आज पारावर आणि उद्या मालिकेत. तसं काही नाहीये. किंवा तुम्हाला ते पथनाट्य वाटत असेल, टोप्या घालून यायचं, घोषणा द्यायच्या, योजनेची माहिती सांगायची आणि जीपमध्ये बसून निघून जायचं. तेही काम आहे, कलापथकांना सरकारकडून त्याचे पैसे मिळतात, पण तुमची पोरगी ते करत नाहीये. ती स्वतः नाटक करत नाही, लोकांकडून करून घेतेय, आणि फरक तिथंच आहे. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलनं याची रीतच बसवली. प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, मग परत सुरू करायचा, आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणून उठायचं, पात्राच्या जागी जाऊन वेगळं वागून दाखवायचं. बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली जन संस्कृती नावाची संस्था खेड्यापाड्यांत हेच करतेय. मी धारूरकडच्या एका तांड्यावर बघितलंय. एक म्हातारी मुकादम झाली होती, कानाला चप्पल लावून फोनवर बोलत होती, "जोडी हाय का? एकट्याला अर्धा कोयता, उचल बी अर्धीच." सगळे खो-खो हसले. मग तो प्रसंग दुसऱ्यांदा सुरू झाला आणि कुणी हसेना, कारण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसेही त्यावरच, म्हणून पोराचं लग्न घाईनं लावायचं आणि समोरून पोरगी पंधरा-सोळाची आणायची, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीनं भोगलेलं. तेवढ्यात मागची एक बाई उठली, सासूच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, यंदा अर्ध्या कोयत्यावर जाऊ. चालेल का नाही यावर अर्धा तास भांडण झालं. ते भांडण हेच काम. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या 40 टक्क्यांच्या वर निघाल्या, पोस्टर लावून लावून भिंती संपल्या आपल्या. तुमच्या पोरीनं हे कुणी न शिकवता सुरू केलंय, आणि तुम्ही ते तक्रारीच्या रकान्यात लिहून पाठवलंत.

पोट भरेल का, हा प्रश्न रास्त आहे, गोड बोलून फसवत नाही. बालहक्क, आरोग्य, पाणी यावर काम करणाऱ्या संस्थांना गावात माणसं बोलती करणारी माणसं लागतात, पण सुरुवातीचा पगार बेताचा, आणि प्रोजेक्टचा निधी संपला की नोकरीही संपते. म्हणून नुसत्या डफावर राहू नये. समाजकार्याची पदवी, बीएसडब्ल्यू करून पुढं एमएसडब्ल्यू, हा सरळ रस्ता. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस आहे, तुमच्यापासून काही लांब नाही, तिथले कोर्स आणि प्रवेश परीक्षा बघून ठेवा. नाटकाकडं जास्त ओढा असेल तर संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडलाही ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. एमपीएससी पदवीनंतर वाटलं तर देईल. कुठंही गेली तरी रिपोर्ट लिहायला, एक्सेलमध्ये हिशोब ठेवायला आणि बरं इंग्रजी वाचायला शिकू द्या, गावात उत्तम काम करणारी पोरं तिथंच मागं पडतात, मी पाहतोय वर्षानुवर्षं.

आणि डफ खाली काढा हो. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात कातडं तडकतं, उंदरं कुरतडतात ते वेगळंच. तिच्या हातात द्या, आणि पुढच्या रविवारी तिच्याबरोबर वस्तीवर जाऊन बसा. लांब उभं राहू नका. बहुतेक तुम्हाला मुकादमाचं काम देतील, नाहीतर पोरीच्या बापाचं.