पोकेमॉन गोल्ड सुरू करणाऱ्याला

गेम बॉयची जुनी कॅसेट मिळाली असेल तर आधी सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, टिकतो का ते बघ. हा गेम १९९९चा, सेव्ह जपणारा आतला सीआर२०२५ सेल बहुतेक संपलेला असतो. तो डाग देऊन बसवलेला असतो, म्हणून जाणकाराकडूनच बदलून घे. त्याच सेलवर आतलं घड्याळही चालतं, आणि माझ्या मते या गेमचा खरा जीव त्यातच आहे. हूटहूट नावाचा पोकेमॉन गवतात रात्रीच सापडतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर सकाळी जा, रात्रीही जा. आजच्या देखण्या गेममध्येही मला ही मजा क्वचितच मिळते.

गोल्डनरॉड शहरात व्हिटनी या जिम लीडरची (हिला हरवलं की बॅज मिळतो) मिलटँक ही पोकेमॉन भेटेल. तिथे भलेभले अडकतात. मिलटँकचा रोलआउट हा हल्ला लागोपाठ बसत गेला की दर वेळी दुप्पट जोराने लागतो, आणि तिच्या अट्रॅक्ट या भुरळ घालणाऱ्या डावामुळे तुझा नर पोकेमॉन बऱ्याचदा हल्लाच करत नाही. शहराजवळ ड्राउझी हा पोकेमॉन पकड आणि शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये तो देऊन बदल्यात माचॉप ही पोकेमॉन घे. ती मादी असल्यामुळे अट्रॅक्ट चालत नाही, रोलआउटही तिला कमी लागतो, आणि अदलाबदलीत आलेली म्हणून लेव्हल भराभर वाढते.

इंटरनेटवरचे 'सर्वोत्तम सहा' बघून टीम बनवू नकोस. आवडलेले सहा घे, त्यांना नावं दे. लीग, म्हणजे शेवटची मोठी स्पर्धा, जिंकलास की थांबू नको बरं का, पुढे अख्खा कांटो प्रदेश आणि आणखी आठ बॅज आहेत!