'सांग ना' तसंच राहू दे

चिरंजीवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. पहिल्यात अंतरा संपताना तू नुसतं 'सांग ना, सांग ना' गुणगुणत होतीस. दुसऱ्यात त्या जागी चार ओळी बसवल्यास. ओळी वाईट नाहीत, पण त्या ऐकून झाल्यावर मी पुन्हा पहिलंच लावलं.

अमेरिकन गायक बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' तू ऐकलंच असशील. हा वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावचा. लहानपणी बोलताना अडखळायचा. नऊ वर्षं नौदलात काढून १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि विमानांतले संडास बनवणाऱ्या कारखान्यात लागला. हो, संडासच. पगारातून पैसे वाचवून डेमो, म्हणजे गाण्यांची नमुना रेकॉर्डिंग, करायचा. ही गोष्ट विशीतल्या पोराची नाही, तिशी गाठलेल्या कामगाराची आहे.

गाणं सुचलं ते 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' हा १९६२ चा चित्रपट पाहून. त्यात दारूच्या आहारी गेलेलं एक जोडपं आहे. लोक हे गाणं साधं विरहगीत समजून ऐकतात. मला मात्र त्यात जी आपल्याला बरी नाही, तिच्याचसाठी जीव तुटतो, अशी काहीशी गत ऐकू येते.

तिसऱ्या कडव्याला शब्द नव्हते. नंतर लिहीन म्हणून तो तिथे 'आय नो, आय नो' म्हणत राहिला. २६ वेळा! रेकॉर्डिंगच्या खोलीत कोण होतं बघ: निर्माता बुकर टी. जोन्स, ड्रमवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड डन, गिटारवर स्टीफन स्टिल्स. सगळे नावाजलेले. ते म्हणाले, शब्दबिब्द नको, हेच ठेव. आणि या नवख्याने ऐकलं. हेडफोन लावून ती जागा ऐक. वाद्यं मागे सरतात, ठेका तेवढा राहतो आणि हा माणूस त्या दोन शब्दांतून बाहेरच पडू शकत नाही. अडखळणाऱ्या मुलाशी मी ते उगाच जोडतो. पुरावा काही नाही, माझा आपला चाळा.

आता याचा अर्थ दर गाण्यात डमी शब्द तसेच ठेवायचे, असा घेऊ नकोस. बहुतेक डमी शब्द डमीच असतात. तुझं 'सांग ना' चालतं, कारण आधीच्या ओळीत तू प्रश्न विचारलायस आणि उत्तर येत नाही. नव्या चार ओळींत तूच उत्तर देऊन टाकतेस. मग ऐकणाऱ्याने काय करायचं?

रेकॉर्ड कंपनीलाही विदर्सचं हे गाणं कळलं नव्हतं बरं का. १९७१ मध्ये रेकॉर्ड निघाली तेव्हा पुढच्या बाजूला त्याचं 'हार्लेम' हे गाणं होतं, हे मागे. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली. गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पुढे ग्रॅमीही मिळालं.

गाण्यासाठी नोकरीचा राजीनामा देऊ का, असं विचारलंस. विदर्सच्या पहिल्या अल्बमचं कव्हर काढून बघ: कारखान्याच्या भिंतीशी उभा आहे, हातात जेवणाचा डबा. या धंद्याचा भरवसा नाही म्हणून त्याने नोकरी लगेच सोडली नव्हती. तूही एवढ्यात सोडू नकोस. तुझ्या आईने मला फोन केला होता म्हणून नाही सांगत (केला होता, पण ते वेगळं).

रविवारी दहापर्यंत ये. त्या चार ओळी खोडू नकोस, वहीत राहू देत, दुसऱ्या कुठल्या चालीला लागतील. पेटी मी काढून ठेवतो, तबल्याला कुणीतरी बघतो. 'सांग ना'पाशी पेटी बंद करू, नुसता ठेका ठेवू आणि तू किती वेळा म्हणतेस ते बघू. मोजू मात्र नकोस, मोजायचं काम माझं.

तुझा,
काका